जुना संगणक, नवे खेळ : अपग्रेड कुठून सुरू करावे?

घरातला आठ-दहा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप संगणक ऑनलाइन अर्ज, बँकेचे व्यवहार आणि चित्रपट यांसाठी अजूनही व्यवस्थित चालतो. नवा खेळ सुरू केला, की मात्र चित्र अडखळू लागते, पंखा मोठ्याने फिरू लागतो आणि कधी कधी संगणक अचानक बंदच पडतो. अशा वेळी ‘एक ग्राफिक्स कार्ड टाका, झाले काम’ असा सल्ला हमखास मिळतो. तो अर्धाच खरा आहे. संगणकाचा वेग त्याच्या सर्वांत दुबळ्या भागावर ठरतो आणि तो भाग ग्राफिक्स कार्डच असेल असे नाही.

मुंबईत आणलेले कार्ड बसले नाही, तर दुसऱ्या दिवशी लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे ग्रँट रोड स्थानकाजवळच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, जाऊन चौकशी करता येते. उल्कापाताने बेसाल्ट खडकात तयार झालेल्या सरोवरासाठी जगप्रसिद्ध असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला ही सोय नाही. छत्रपती संभाजीनगरची बाजारपेठ तेथून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. सुटा भाग कुरिअरने मागवायचा, चुकला तर परत पाठवायचा, तोवर संगणक उघडाच ठेवायचा. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारा पारा, काळ्या मातीची बारीक धूळ आणि विजेच्या दाबातील चढउतार हेही जमेस धरावे लागतात. म्हणून लोणारसारख्या गावी अपग्रेड करताना आधी तपासणी, मग खरेदी हा क्रम पाळावाच लागतो. शहरातल्या ग्राहकाचे पैसेही याच क्रमाने वाचतात.

दुबळा भाग ओळखा

विंडोजमधील ‘टास्क मॅनेजर’ उघडा ठेवून खेळ दहा-पंधरा मिनिटे चालवावा. खेळ अडखळत असताना ग्राफिक्सचा वापर शंभर टक्क्यांजवळ असेल, तर ग्राफिक्स अपुरे पडते आहे. ग्राफिक्सला उसंत आहे, पण प्रोसेसर पूर्ण गुंतला आहे, असे दिसले तर नवे कार्ड फारसा फरक पाडणार नाही. रॅम काठोकाठ भरली असेल आणि हार्ड डिस्क सतत शंभर टक्के दाखवत असेल, तर अडचण स्मृतीची आहे. संगणकात नेमके कोणते भाग आहेत, हे ‘सीपीयू-झेड’ आणि ‘जीपीयू-झेड’ या मोफत प्रोग्रॅममधून कळते.

मॉनिटरही पाहावा. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख बिंदू असतात, तर १३६६ बाय ७६८ च्या जुन्या पडद्यावर सुमारे १०.५ लाख. म्हणजे जुन्या मॉनिटरवर ग्राफिक्सचे काम जवळपास निम्मे असते. त्यावर खेळणाऱ्याला मोठ्या कार्डाची गरज नसते. खेळाच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन आणि सावल्यांचा दर्जा कमी करून पाहणे हे तर बिनखर्चाचे पहिले अपग्रेड होय.

धूळ आणि उष्णता

प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला, की स्वतःला वाचवण्यासाठी वेग आपोआप कमी करतो. बहुतेक प्रोसेसरमध्ये ही मर्यादा शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास असते. हीटसिंकच्या पात्यांत धूळ साचली, थर्मल पेस्ट वाळली आणि खोलीचे तापमान चाळीस अंशांवर गेले, की ही मर्यादा लवकर गाठली जाते. खेळ पहिली दहा मिनिटे छान चालून मग रखडत असेल, तर पहिला संशय उष्णतेवर घ्यावा.

वीजजोडणी काढून ब्लोअरने धूळ उडवावी. त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. जुनी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावावी. कॅबिनेटला समोरून हवा आत घेणारा आणि मागून बाहेर टाकणारा असे दोन पंखे असावेत. कॅबिनेट भिंतीला टेकवून किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवू नये. या साऱ्याचा खर्च काही शे रुपयांचा आहे.

रॅम आणि एसएसडी

चार जीबी रॅम असलेल्या संगणकात आजचे खेळ चालत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या ‘काउंटर-स्ट्राइक २’ला किमान आठ जीबी लागते. नव्या मोठ्या खेळांसाठी सोळा जीबी धरून चालावे. विंडोज ३२ बिटची असेल, तर चार जीबीहून अधिक रॅम वापरलीच जात नाही. तेव्हा आधी ६४ बिटची विंडोज घालावी लागते.

डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या रॅम एकमेकींच्या जागी बसत नाहीत. त्यांच्या खाचा वेगळ्या ठिकाणी असतात आणि व्होल्टेजही वेगळे असते. एका मोठ्या पट्टीऐवजी सारख्या दोन पट्ट्या लावल्यास प्रोसेसरला दोन मार्गांनी माहिती मिळते. वेगळे कार्ड नसलेल्या संगणकात तर हा फरक चांगलाच जाणवतो, कारण तेथे ग्राफिक्सही याच रॅमवर चालते. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा केंद्रांकडून मागणी वाढल्याने जगभर रॅमचे दर झपाट्याने चढले. त्यामुळे जुन्या दराच्या आधारे अंदाजपत्रक मांडू नये.

हार्ड डिस्क सेकंदाला साधारण शंभर ते दोनशे मेगाबाइट माहिती वाचते. साटा जोडणीची एसएसडी सुमारे साडेपाचशे. सुटे-सुटे तुकडे शोधण्यात तर एसएसडी कितीतरी पट पुढे असते. मात्र एसएसडीने खेळ लवकर सुरू होतो आणि नवे दृश्य येताना थबकत नाही. दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या तिने सहसा वाढत नाही. तरीही काही खेळांत ती आता अटच झाली आहे. ‘सायबरपंक २०७७’च्या किमान गरजांत २०२३ पासून एसएसडी समाविष्ट आहे.

सर्वांत दुर्लक्षित भाग : एसएमपीएस

कॅबिनेटसोबत येणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ असा आकडा ठळक छापलेला असतो. पाहायचा असतो तो बारा व्होल्टच्या रांगेतील अँपिअरचा आकडा, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांना मुख्यतः तेथूनच वीज मिळते. लेबलवर १८ अँपिअर लिहिले असेल, तर बारा गुणिले अठरा म्हणजे २१६ वॅटच त्या रांगेत मिळतात.

आता हिशेब मांडू. तिसऱ्या पिढीच्या कोअर आय-५ प्रोसेसरचे ७७ वॅट, मदरबोर्ड, डिस्क आणि पंखे यांचे ४० ते ५० वॅट. त्यात ७५ वॅटचे कार्ड घातले, तर बेरीज दोनशेच्या घरात जाते आणि एसएमपीएस कसाबसा तग धरतो. १२५ वॅटचे कार्ड घातले, तर बेरीज अडीचशेला पोहोचते. मग खेळ ऐन रंगात असताना संगणक बंद पडतो. हलक्या प्रतीच्या एसएमपीएसमध्ये संरक्षक मंडल नसेल, तर तो जळताना मदरबोर्ड आणि डिस्क यांनाही सोबत नेऊ शकतो. घरच्या डिस्कवर केवळ खेळ नसतात. मुलांचे दाखले, शेतीचे उतारे आणि लग्नाची छायाचित्रेही तेथेच असतात. म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी या सर्वांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी.

२००४ मध्ये सुरू झालेले ‘८० प्लस’ हे चिन्ह एसएमपीएसची किमान ऐंशी टक्के कार्यक्षमता दाखवते. ते असलेला, नामांकित कंपनीचा आणि काही वर्षांची वॉरंटी असलेला एसएमपीएस निवडावा. ब्रँडेड कंपन्यांच्या काही कार्यालयीन संगणकांत मदरबोर्डाचा वीजजोड नेहमीपेक्षा वेगळा असतो आणि बाजारातला एसएमपीएस तेथे सरळ बसत नाही. हे आधीच उघडून पाहावे.

घरातील अर्थिंगही तपासून घ्यावे. कोरड्या आणि खडकाळ जमिनीत अर्थिंगचा विरोध वाढतो. बेसाल्टवर वसलेल्या लोणारच्या परिसरात उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात ओल टिकवणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर नवा भाग बसवण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. तो खेळ नोंदवून संगणक नीट बंद करण्यापुरता आहे, खेळत राहण्यासाठी नव्हे.

ग्राफिक्स कार्ड

कार्ड ज्या खाचेत बसते ती पीसीआय एक्सप्रेस खाच जास्तीत जास्त ७५ वॅट पुरवते. त्याहून अधिक वीज घेणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून सहा किंवा आठ पिनांची वेगळी जोडणी लागते. जुन्या संगणकासाठी ७५ वॅटच्या आतील कार्डे म्हणूनच सोयीची ठरतात.

एनव्हिडियाचे २०१६ मधील जीटीएक्स १०५० टीआय हे या गटातले गाजलेले कार्ड. मात्र त्या पिढीसाठी खेळांच्या नव्या ड्रायव्हरचा पुरवठा कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवला. त्यानंतर केवळ सुरक्षाविषयक सुधारणा मिळतात. त्यापुढच्या पिढीचे २०१९ मधील जीटीएक्स १६५० यातून वाचले आहे. २०२४ मध्ये आलेले सहा जीबीचे आरटीएक्स ३०५० सत्तर वॅटमध्ये चालते आणि वेगळी जोडणी मागत नाही.

एएमडीचे आरएक्स ६४०० (२०२२) वीज कमी घेते, पण ते खाचेच्या चारच मार्गिका वापरते. खाच जुन्या, तिसऱ्या किंवा दुसऱ्या पिढीची असेल, तर त्याचा वेग घटतो. इंटेलचे आर्क ए३८० हे ‘रिसायझेबल बार’ ही सोय असलेल्या मदरबोर्डवरच पूर्ण कामगिरी दाखवते आणि जुन्या मदरबोर्डांत ती सोय सहसा नसते. म्हणजे तेच कार्ड नव्या संगणकात एक आणि जुन्यात दुसरेच फळ देते. दुकानातील किंवा यूट्यूबवरील चाचणी कोणत्या संगणकावर झाली, हे विचारणे त्यासाठी आवश्यक आहे. कार्डाची लांबी आणि कॅबिनेटमधील जागा पट्टीने मोजून घ्यावी.

वापरलेली कार्डे स्वस्त मिळतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे ‘मायनिंग’ थांबले आणि रात्रंदिवस राबवलेली असंख्य कार्डे बाजारात आली. शिवाय जुन्या कार्डाचे सॉफ्टवेअर बदलून त्यावर नव्याचे नाव चढवण्याचे प्रकारही घडतात. ‘जीपीयू-झेड’ प्रोग्रॅम अशी बरीच बनावट कार्डे ओळखून दाखवतो. ती तपासणी विक्रेत्यासमोरच करावी. कुरिअरने मागवले असेल, तर पाकीट उघडतानाचे चित्रीकरण करून ठेवावे.

प्रोसेसर आणि विंडोज

प्रोसेसर बदलता येईल का, हे मदरबोर्डाच्या सॉकेटवर ठरते. इंटेलची दुसरी आणि तिसरी पिढी एलजीए ११५५ वर, तर चौथी एलजीए ११५० वर बसते. तेथे त्याच पिढीचा वापरलेला आय-७ बसवणे एवढीच मजल असते. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत एव्हीएक्स-२ ही आज्ञावली नाही आणि काही नवे खेळ तिच्याविना सुरूच होत नाहीत. एएमडीच्या एएम-४ सॉकेटधारकांचे नशीब चांगले. २०१७ मध्ये घेतलेल्या अनेक मदरबोर्डांवर बायॉस अद्ययावत करून रायझन ५००० मालिकेतील प्रोसेसर बसतो. बायॉस बदलताना मध्येच वीज गेली, तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. तेवढी दहा मिनिटे यूपीएस हवाच.

विंडोज १० चे नियमित सुरक्षा साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची किंवा एएमडीची रायझन २००० पासूनची चिप लागते. ‘व्हॅलोरंट’सारखा खेळ विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट सुरू असल्याशिवाय चालत नाही. स्टीमने विंडोज ७ आणि ८ चे साहाय्य १ जानेवारी २०२४ रोजीच बंद केले. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ (डिसेंबर २०२४) या खेळाला तर रे ट्रेसिंग करणारेच कार्ड लागते.

कुठे थांबावे?

सातव्या पिढीपर्यंतच्या इंटेल संगणकावर सफाई, एसएसडी, आठ ते सोळा जीबी रॅम, चांगला एसएमपीएस आणि ७५ वॅटचे कार्ड एवढ्यावर थांबावे. ‘जीटीए ५’सारखे दशकभरापूर्वीचे खेळ त्यावर समाधानकारक चालतात. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम ही तिन्ही बदलावी लागत असतील, तर तो अपग्रेड उरत नाही, नवा संगणकच होतो. खर्च नव्या संगणकाच्या निम्म्यावर जात असेल, तर पैसे राखून ठेवावेत. एसएसडी, एसएमपीएस आणि कार्ड पुढे नव्या संगणकातही वापरता येतात. डीडीआर-३ रॅम आणि जुना प्रोसेसर यांवर केलेला खर्च मात्र तेथेच संपतो.

काढलेले भाग भंगारात टाकू नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे जायला हवेत. जुनी डिस्क देण्यापूर्वी तिच्यावरील माहिती पूर्ण पुसावी.

खरेदीपूर्वी तपासा

• मदरबोर्डाचे नाव, सॉकेट आणि रॅमचा प्रकार
• एसएमपीएसवरील बारा व्होल्टचे अँपिअर आणि सहा-आठ पिनांच्या जोडण्या
• खेळताना प्रोसेसर आणि ग्राफिक्सचा वापर व तापमान
• कॅबिनेटमधील मोकळी लांबी आणि मॉनिटरचे रिझोल्यूशन
• हव्या असलेल्या खेळाच्या किमान गरजा
• अर्थिंग, यूपीएस आणि महत्त्वाच्या फायलींची प्रत
• भाग परत करण्याची मुदत आणि वॉरंटी कोठे मिळेल, याचे लेखी उत्तर