दंतवैद्यांचे सहकार्याधिष्ठित निरंतर शिक्षण

दंतवैद्यांचे सहकार्याधिष्ठित निरंतर शिक्षण : पदवी व नोंदणी मिळाल्यानंतर दंतवैद्यांनी परस्परांच्या साहाय्याने आपले ज्ञान व हस्तकौशल्य अद्ययावत ठेवण्याची पद्धती. रुग्णचर्चा, प्रात्यक्षिके, अभ्यासमंडळे, संघटनांची अधिवेशने व व्यावसायिक नियतकालिके ही तिची प्रमुख साधने होत. बहुसंख्य दंतवैद्य स्वतःच्या दवाखान्यात एकट्याने काम करतात. त्यामुळे उपचारातील उणीव दाखवून देणारा जाणकार सहकारी त्यांना रोजच्या कामात सहसा लाभत नाही. ही उणीव भरून काढणे हा या शिक्षणाचा मूळ हेतू होय.

उगम : दंतवैद्यक हा दीर्घकाळ गुरूजवळ राहून शिकण्याचा व्यवसाय होता. १८३९ मध्ये अमेरिकेत दंतवैद्यकाचे पहिले नियतकालिक निघाले व १८४० मध्ये बॉल्टिमोर येथे पहिले दंतवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले. त्याच वर्षी अमेरिकी दंतशल्यचिकित्सकांची राष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली. दात भरण्यासाठी पारदमेल वापरणार नाही, अशी प्रतिज्ञा या संघटनेने १८४५ मध्ये सभासदांवर लादली. त्यावरून फूट पडून १८५६ मध्ये ती विसर्जित झाली. समव्यावसायिकांचे एकमत म्हणजे सत्य नव्हे, त्यास प्रयोगाचा आधार लागतो, हा धडा या वादातून मिळाला. पुढे ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक (१८३६–१९१५) यांनी पारदमेलाचे गुणधर्म व दातांतील पोकळी कोरण्याची रीत यांचा पद्धतशीर अभ्यास केला. ब्लॅक यांचे स्वतःचे औपचारिक शिक्षण अल्प होते. त्यांच्या काळात अमेरिकेत अभ्यासमंडळांची प्रथा रूढ झाली. अशा मंडळात सभासद रुग्णावर प्रत्यक्ष उपचार करतो, मार्गदर्शक प्रत्येक टप्पा तपासतो आणि इतर सभासद त्याची चिकित्सा करतात.

भारतातील विकास : भारतातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय रफिउद्दीन अहमद (१८९०–१९६५) यांनी १९२० मध्ये कलकत्ता येथे स्थापन केले. १९२५ मध्ये त्यांनी दंतवैद्यकाचे नियतकालिक सुरू केले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये निघाले. तरीही देशातील प्रशिक्षित दंतवैद्यांची संख्या अत्यल्पच राहिली. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानुसार सुमारे ३ लक्ष लोकसंख्येमागे एक दंतवैद्य होता.

१९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने व्यवसायाचे नियमन सुरू झाले आणि १९४९ मध्ये भारतीय दंत परिषद अस्तित्वात आली. अधिनियमानुसार नोंदपुस्तकाचे दोन भाग करण्यात आले. ‘अ’ भागात मान्य अर्हता असलेल्यांची, तर ‘ब’ भागात अर्हता नसूनही किमान पाच वर्षे हाच व्यवसाय उपजीविकेचे मुख्य साधन म्हणून करीत आलेल्यांची नोंद होई. ‘ब’ भागातील व्यक्ती महाविद्यालयात शिकलेल्या नव्हत्या. नवे ज्ञान मिळविण्यासाठी समव्यावसायिकांचा सहवास, सभा व नियतकालिके हेच त्यांना सुलभ मार्ग होते. ‘इंडियन डेंटल असोसिएशन’ या संघटनेच्या राज्यशाखा व स्थानिक शाखांनी हे कार्य पुढे नेले.

नव्या ज्ञानाची निकड : पदवी कितीही चांगली असली, तरी ती पुरी पडत नाही, हे मुखरोगांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. तोंडातील श्लेष्मकलेखालचा भाग तंतुमय होऊन ताठरतो व हळूहळू तोंड उघडेनासे होते, अशा विकाराचे भारतातील वर्णन मुंबईच्या एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केले. ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ या नावाने ओळखला जाणारा हा विकार कर्करोगपूर्व स्थिती मानला जातो व सुपारी खाण्याशी त्याचा निकट संबंध आहे. १९५० मध्ये पदवी घेतलेल्या दंतवैद्यास तो पाठ्यपुस्तकातून ज्ञात होणे शक्य नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली एस. मेहता व त्यांचे सहकारी, तसेच डेन्मार्कचे जे. जे. पिंडबोर्ग यांनी ग्रामीण भागात मुखतपासण्या केल्या. महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या पाहणीचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. अन्य राज्यांतील सुमारे ३६,००० तंबाखूसेवकांवरील १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून असे दिसले की, लोकशिक्षणाने तंबाखूचे सेवन व तोंडातील श्वेतचट्टे कमी होतात. प्रयोगशाळेतील हे ज्ञान गावच्या दवाखान्यापर्यंत वेळेवर पोहोचले, तरच कर्करोग प्रारंभीच्या अवस्थेत ओळखला जातो.

कायद्याचे बंधन : प्रारंभी ऐच्छिक असलेले हे शिक्षण २००७ मध्ये भारतीय दंत परिषदेच्या विनियमांनी नियमबद्ध झाले. पाच वर्षांच्या कालावधीत ठराविक श्रेयगुण मिळविण्याची अट त्यांत होती. २०१८ मध्ये या विनियमांत सुधारणा झाली. १९४८ च्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग अधिनियम संमत केला. श्रेयगुणांमुळे उपस्थिती वाढते. परंतु मोठ्या सभागृहात व्याख्यान ऐकणे व सहकाऱ्यांसमोर स्वतःच्या रुग्णाची चर्चा करणे यांत मोठे अंतर आहे. गुणांची मोजदाद करताना दुसरा प्रकार मागे पडण्याचा धोका संभवतो.

दूरस्थ भागांतील स्थिती : या प्रश्नाचे स्वरूप सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडे विशेष जाणवते. सावंतवाडी तालुक्यातील आरोंदा हे गाव तेरेखोल खाडीच्या काठी असून पलीकडे गोव्याचा पेडणे तालुका आहे. मुंबईतील महाविद्यालयांपेक्षा बांबोळी येथील गोवा दंत महाविद्यालय (स्थापना १९८०) या भागास कितीतरी जवळचे आहे. दंतवैद्यांची नोंदणी मात्र राज्यनिहाय होते. कोकणात व गोव्यात भाजलेल्या तंबाखूची मशेरी दातांना लावण्याची सवय, विशेषतः स्त्रियांमध्ये, आढळते. दातदुखीसाठी आलेल्या अशा रुग्णाचे तोंड बारकाईने तपासणारी पहिली व्यक्ती बहुधा स्थानिक दंतवैद्यच असते. संशयास्पद चट्ट्याविषयी त्याला अनुभवी सहकाऱ्याचे मत लवकर मिळाले, तर रुग्णाचा पुढील लांबचा प्रवास योग्य वेळी व योग्य ठिकाणी होतो. २०२० मधील कोविड साथीनंतर दूरसंवादाने होणारी व्याख्याने सर्वत्र रूढ झाली व अंतराची अडचण काही अंशी दूर झाली. तथापि हस्तकौशल्य केवळ पाहून येत नाही. त्यासाठी जवळच्या गावांतील पाचदहा दंतवैद्यांनी नियमाने एकत्र बसण्याची जुनी अभ्यासमंडळाची पद्धतीच अधिक उपयुक्त ठरते.