ऱ्हॅब्डोमायोलिसिस, श्रमजन्य

अंगवळणी नसलेल्या किंवा न झेपणाऱ्या व्यायामानंतर सांगाड्याच्या स्नायूंतील पेशी मोठ्या प्रमाणावर फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात मिसळण्याचा विकार. पहिल्यांदा बैठका मारल्या की मांड्या भरून येतात, दुसऱ्या दिवशी अंग आंबते आणि तीन-चार दिवसांत सारे ओसरते. तो हा विकार नव्हे. येथे स्नायू सुजून टणक होतात, कोपर सरळ होत नाही, जिना उतरवत नाही आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होते. अर्थात लघवीचा रंग अनेक रुग्णांत बदलतच नाही. त्यामुळे केवळ रंगावर विसंबून राहणाऱ्याची फसगत होते.

स्नायूपेशी आपल्या आतील कॅल्शियमची पातळी फार कमी राखते. कॅल्शियम बाहेर ढकलणाऱ्या पंपांना एटीपी हे इंधन लागते. श्रमात ते संपत आले, किंवा ताणाने पेशीचे आवरणच फाटले, की कॅल्शियम आत घुसते, प्रथिने व मेद तोडणारी विकरे चेतवते आणि पेशी स्वतःलाच पचवू लागते. मग पोटॅशियम, फॉस्फेट, क्रिएटीन कायनेज आणि मायोग्लोबिन रक्तात उतरतात. पोटॅशियम वाढल्याने हृदयाची लय बिघडू शकते; मायोग्लोबिन मूत्रपिंडाच्या नलिकांना इजा करते. सुजलेल्या स्नायूंत पाणी अडकल्याने रक्ताचे आकारमान घटते, आणि मूत्रपिंडाला हा दुसरा फटका बसतो.

किती व्यायाम केला, यापेक्षा तो कोणत्या प्रकारचा आणि किती नवा, हे अधिक निर्णायक ठरते. स्नायू लांबत असताना भार पेलावा लागतो तेव्हा तंतूंची मोडतोड सर्वाधिक होते: बैठकीत खाली जाताना, जोर काढताना छाती जमिनीकडे नेताना, उतारावर धावताना. जानेवारी 2011 मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाला सुट्टीनंतर लगेच, पेलता येईल त्या कमाल वजनाच्या निम्मे वजन घेऊन घड्याळ लावून 100 बैठका मारायला लावल्या. 13 खेळाडू रुग्णालयात दाखल झाले. ते सारे कसलेले खेळाडू होते, पण काही आठवड्यांच्या खंडानंतर तो भार त्यांच्या स्नायूंना नवाच होता. आपल्याकडे शिक्षा म्हणून शेकडो उठाबशा काढायला लावण्याची जी रीत आहे, ती याच यंत्रणेला आमंत्रण देते. तिला शिस्त म्हणणे वैद्यकीयदृष्ट्या तरी अवघड आहे.

वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी मेघेसारख्या वस्त्यांच्या परिसरात या विकाराचा विचार दोन गोष्टी सोडून करता येत नाही.

पहिली गोष्ट ऊन. मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 अंशांच्या वर जातो आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, सकाळी आठलाच मैदान तापलेले असते. शरीर तापले की स्नायूंतील विकरांचे काम बिघडते, घामावाटे पाणी आणि क्षार जातात, त्वचेकडे रक्त वळल्याने स्नायू व मूत्रपिंड या दोघांच्याही वाट्याला ते कमी येते. पहिल्या पावसानंतर पारा उतरला तरी दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून जूनमधील धावणेही तितकेच जोखमीचे. पोलीस भरतीच्या उमेदवारांना ही जोखीम थेट भिडते. त्यांची शारीरिक चाचणी 50 गुणांची असते. मुलांना 1600 मीटर व मुलींना 800 मीटर धावणे, त्याशिवाय 100 मीटर धावणे आणि गोळाफेक, असे तिचे स्वरूप आहे; राज्य राखीव दलासाठी अंतर 5 किलोमीटर. जून 2014 मध्ये मुंबईतील भरतीत 5 किलोमीटर धावताना काही उमेदवार दगावले. त्या मृत्यूंवर या विकाराचा शिक्का मारणे गैर ठरेल, पण उन्हात, अपुऱ्या सरावाने, सारी ताकद एकाच दमात लावणे ही परिस्थिती तीच. ‘ग्राउंड’ची, म्हणजे या मैदानी चाचणीची तारीख जाहीर झाल्यावर तयारीला लागणारा उमेदवार त्या परिस्थितीकडे स्वतःच चालत जातो.

दुसरी गोष्ट सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशींना विळ्याचा आकार देणारा आनुवंशिक रक्तदोष. विदर्भातील काही आदिवासी व अनुसूचित जातींच्या समाजांत या जनुकाचे प्रमाण लक्षणीय आहे. एएस पॅटर्नच्या म्हणजे वाहक व्यक्तीला एरवी काहीही त्रास नसतो. मात्र कमाल श्रमात स्नायूंतील प्राणवायू घटतो, आम्ल वाढते, तापमान चढते, पाणी कमी पडते. अशा वेळी वाहकाच्याही काही तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबवू शकतात. 2006 मध्ये राइस विद्यापीठाचा एक वाहक फुटबॉलपटू 100 यार्डांच्या धावांच्या सरावानंतर मरण पावला. पुढे 2010 पासून अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने पहिल्या श्रेणीतील खेळाडूंची सिकलसेल स्थिती तपासणे सुरू केले. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे 48,000 कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिकांची नोंद तपासली गेली: वाहकांत या विकाराची जोखीम 54 टक्क्यांनी अधिक, पण मृत्यूची जोखीम वाढलेली आढळली नाही. वाहकाला मैदानाबाहेर बसवणे म्हणूनच अन्यायाचे. त्याला दोन धावांमध्ये पुरेशी विश्रांती, पाणी आणि ‘पाय चालत नाहीत’ म्हणताच थांबण्याची मुभा मिळाली पाहिजे.

उरलेली कारणे थोडक्यात: ताप किंवा विषाणुसंसर्ग अंगात असताना केलेला व्यायाम, मद्य, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गटातील औषधे, उत्तेजक पूरके, थायरॉइडची कमतरता, पोटॅशियमची कमतरता. थोड्या श्रमातही वारंवार त्रास होत असेल तर मॅकआर्डल रोगासारखा जन्मजात चयापचयदोष शोधावा लागतो. अंगदुखीसाठी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या स्नायू फोडत नाहीत, पण आधीच संकटात असलेल्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात.

निदान रक्तातील क्रिएटीन कायनेजवर, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातील ‘सीपीके’वर होते. सामान्य कमाल मर्यादेच्या पाचपट, ढोबळमानाने लिटरला 1,000 एककांहून अधिक पातळी हा रूढ निकष. कडक व्यायामानंतर ठणठणीत माणसातही ती एवढी चढते, त्यामुळे आकडा लक्षणांसोबतच वाचायचा. पातळी एक ते तीन दिवसांत शिखर गाठते. मायोग्लोबिन त्याआधीच निघून जाते. लघवीची पट्टी ‘रक्त’ दाखवते आणि सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी दिसत नाहीत, ही खूण मोलाची.

उपचारांत शिरेवाटे भरपूर सलाइन, लघवीच्या प्रमाणावर नजर आणि पोटॅशियमवर नियंत्रण येते. मूत्रपिंडे थांबली तर डायलिसिस. लघवीत सोडियम बायकार्बोनेटने अल्कता आणण्याचा निश्चित फायदा सिद्ध झालेला नाही. वर्ध्याच्या बाजूला सेवाग्राम आणि सावंगी मेघे येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. पोटरी किंवा मांडी दगडासारखी टणक होऊन बोटे बधिर पडू लागली, तर स्नायूभोवतीच्या आवरणातील दाब वाढल्याचे समजून ते आवरण चिरून मोकळे करण्याची शस्त्रक्रिया काही तासांतच करावी लागते. बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. सीपीके उतरून लघवी स्वच्छ झाल्यावर आधी चालणे, मग हलके धावणे आणि वजने सर्वांत शेवटी, या क्रमाने सराव पुन्हा सुरू केला जातो.