विंचवावरच्या गोळीची कुळकथा

रत्नागिरी जिल्ह्यात विंचवाचा मोठा हंगाम पावसाच्या तोंडावर येतो. भाजावळ उरकायची असते, लाकडं पडवीत रचायची असतात, पेंढा हलवायचा असतो, ढासळलेल्या गडग्याचे दगड परत बसवायचे असतात. या कामांत हात जिथे घालावा लागतो, तिथेच लाल विंचू दडलेला असतो. दिसायला भयंकर ती मोठी काळी इंगळी. तिचा दंश ठणकतो, पण सहसा जीव घेत नाही. जीव घेतो तो बोटाएवढा लाल विंचू. इथल्या त्याच्या उपजातीला प्राणिशास्त्रानं कोकणचंच नाव दिलं होतं: मेसोबुथस टॅम्युलस कॉन्कॅनेन्सिस.

या विंचवाच्या दंशानंतर फुफ्फुसात पाणी भरतं, हे 1961 साली डॉ. मुंडले यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नोंदवलं होतं. पण त्यावर करायचं काय, हे पुढची वीस वर्षं कोणालाच नीट उमगलं नव्हतं. 1961 ते 1983 या काळात गंभीर दंशाच्या दर शंभर रोग्यांपैकी पंचवीस ते तीस दगावत. आता हे प्रमाण एक टक्क्याहून कमी आहे. हा बदल घडवणारं औषध विंचवासाठी शोधलेलं नव्हतंच. प्राझोसिन ही रक्तदाब उतरवणारी साधी गोळी होती.

ती विंचवाच्या रोग्यापर्यंत पोचली, ती कशेडी घाटापलीकडच्या महाड तालुक्यातून. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली धडधाकट माणसं, लहान मुलं डोळ्यांदेखत जात होती. घाम आणि लाळ थांबावी म्हणून अ‍ॅट्रोपिन द्यायचं, जोडीला स्टिरॉइड आणि अ‍ॅलर्जीवरची इंजेक्शनं, अशी तेव्हाची रीत होती. बावस्करांनी रोग्याजवळ बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. अमुक तासाला काय होतं, कोण वाचतो, कोण जातो, हे टिपत राहिले. त्यातून आलेला लेख 1982 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापला गेला.

त्या नोंदींतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. दंशाच्या जागी असह्य कळा मारणारा रोगी बहुधा सुरक्षित असतो. ज्याची कळ फारशी नाही, पण अंग घामानं निथळतं, उलट्या होतात, लाळ गळते, हातपाय गार पडतात, मुलग्यांचं शिश्न ताठ होतं, तो खरा धोक्यात असतो. पुढे त्याला धाप लागते आणि तोंडाला गुलाबी फेस येतो. तो सावरू लागला की दंशाची कळ परत येते. नुसत्या कळेचा दंश एखाद्या दिवसात आपोआपच ओसरतो. विंचू उतरवणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या यश मिळालं, ते अशाच रोग्यांच्या जिवावर.

विषाचं काम असं चालतं: मज्जातंतूंमधले सोडियमचे मार्ग वेळेवर मिटत नाहीत आणि अ‍ॅड्रिनलीनच्या जातीची द्रव्यं रक्तात बेसुमार सुटतात. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदयाला पुढे रक्त ढकलणं जड जातं आणि पाणी फुफ्फुसात साचतं. अशा वेळी नाडी आणखी पळवणारं अ‍ॅट्रोपिन म्हणजे आगीत तेल. आवळलेल्या वाहिन्या सैल करणं हा खरा इलाज. त्यासाठी बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं. ते चाललं, पण ते शिरेतून थेंबाथेंबानं द्यायचं औषध. रक्तदाबावर सतत नजर हवी, राबायला माणसं हवीत. खेड्यातल्या दवाखान्यात हे रोज कसं जमणार? प्राझोसिन हेच काम तोंडावाटे करतं. हातपाय ऊबदार होईपर्यंत ठरावीक तासांनी गोळी द्यायची. पहिल्या मात्रेनं रक्तदाब एकदम पडू शकतो, म्हणून रोग्याला आडवं ठेवायचं आणि लक्ष ठेवायचं. डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी हा अनुभव 1986 साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडला.

रुग्णालयाचा खर्च आणि परिणाम यांचा मेळ घालायची चर्चा निघाली, की लोक खरेदीची यादी काढून बसतात. इथे खर्च कमी झाला तो आजार समजला म्हणून. कुचकामी इंजेक्शनं गेली, अतिदक्षता विभागाची गरज पुष्कळ रोग्यांपुरती टळली, आणि उपचार सुरू करायची ताकद पहिल्या डॉक्टरच्या हाती आली. मंडणगड किंवा गुहागरच्या आडगावातून खाड्या आणि घाट ओलांडून मोठं रुग्णालय गाठेपर्यंत जो वेळ जातो, त्याच वेळेत हा आजार जीव घेतो. म्हणून मी या गोळीची किंमत रुपयांपेक्षा तासांत मोजतो.

गोष्ट गोळीपाशी थांबली नाही. परळच्या हाफकिन संस्थेनं लाल विंचवाच्या विषावरचं प्रतिविष तयार केलं. मग ते गोळीला जोडून द्यावं का, हा प्रश्न महाडलाच तपासला गेला. सत्तर रोग्यांचे दोन गट केले. नुसत्या प्राझोसिनवरच्या 35 पैकी 8 जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, तर प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या 35 पैकी 32 जण. बरं व्हायचा सरासरी वेळ सुमारे अठरा तासांवरून आठ तासांवर आला. 2011 साली हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलं. त्याच्या पन्नास वर्षं आधी याच नियतकालिकात डॉ. मुंडले यांची नोंद होती. बावस्करांना 2022 साली पद्मश्री मिळाली.

तेव्हा वाचकहो, लाल विंचू चावला तर उतरवणाऱ्याकडे जाऊ नका, आणि घरातली रक्तदाबाची गोळीही आपल्या मनानं देऊ नका. कळ कमी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. घाम, उलटी, गार पडलेले हातपाय दिसले की 108 ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीनं जवळचं आरोग्य केंद्र गाठा.