बैदोआची रिकामी पेवं

ऑगस्ट १९९२. तुम्ही दक्षिण सोमालियातल्या बैदोआ गावाच्या वेशीवर उभे आहात. जे दिसेल ते पाहायचं, कुणाला काही सांगता येणार नाही, एवढीच अट.

झुडपांच्या फांद्या वाकवून, त्यांवर फाटके कपडे टाकून केलेली बुटकी खोपटं जिकडेतिकडे पसरली आहेत. आत माणसं बसलेली. सकाळी एक ट्रक येतो आणि रात्रीत गेलेल्यांची प्रेतं गोळा करत फिरतो. या छावण्यांमधली पाच वर्षांखालची जवळजवळ तीन चतुर्थांश मुलं त्या वर्षीच्या आठेक महिन्यांत दगावली, असं पुढे एका वैद्यकीय पाहणीत निघेल. तुम्ही त्या महिन्यांच्या ऐन मध्यावर आला आहात.

गावाबाहेर चला. ही जमीन ज्वारीची. बे प्रांत म्हणजे सोमालियाचं ज्वारीचं कोठार. इथले रहानवेन शेतकरी आपल्याकडच्या जुन्या गावांसारखी जमिनीत पेवं खणून धान्य साठवतात. उघड्या पडलेल्या एका पेवात वाकून पाहा. तळाला माती आहे. पाऊस कमी पडला हे खरं, पण पेवं काही पावसाने उपसली नाहीत. जानेवारी १९९१मध्ये हुकूमशहा सियाद बारे मोगादिशूतून पळाला आणि त्यानंतर त्याचं उरलंसुरलं सैन्य व त्याचा पाठलाग करणारी जनरल मोहम्मद फराह ऐदीदची माणसं याच प्रांतातून पुढेमागे करत राहिली. प्रत्येक फेरीत धान्य गेलं, गुरं गेली, बियाणंही गेलं. रहानवेनांकडे बंदुका नव्हत्या. जगाच्या वर्तमानपत्रांत मात्र याला 'दुष्काळ' म्हणतात, आणि दुष्काळ म्हटलं की गुन्हेगार शोधावा लागत नाही.

आता मोगादिशू. शहराच्या मधोमध एक रेषा आहे: दक्षिणेला ऐदीद, उत्तरेला त्याचा प्रतिस्पर्धी अली महदी. बंदरात धान्याचं जहाज लागलंय. पोतं गोदीवरून हलायच्या आधीच खर्च सुरू होतो. बंदर ज्यांच्या ताब्यात त्यांना पैसे, विमान उतरवायचं तर धावपट्टीवाल्यांना पैसे. ट्रकचं भाडं वेगळं, कार्यालयाच्या बंगल्याचं वेगळं, आणि मागे मशीनगन बसवलेल्या टोयोटा पिकअपमधून राखण करणाऱ्या पोरांचा रोज वेगळा. ती पोरं कुणाची? बहुधा ज्यांच्यापासून राखण करायची त्यांचीच. गाल फुगवून नशेचा हिरवा पाला चघळत बसलेली. तो पालाही केनियातून विमानाने येतो, युद्ध असो वा नसो. रेडक्रॉससारखी संस्था, जिची निःशस्त्र राहण्यावर निष्ठा, तिलाही इथे सशस्त्र रखवालदार ठेवावे लागले. धान्य हेच इथलं चलन झालंय. मदत जितकी मोठी, तितका बंदुकीचा भाव वर.

यावर रेडक्रॉसने काढलेली युक्ती मला त्या सगळ्या वर्षांतलं सर्वांत शहाणं धोरण वाटते. एका स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहा. मोठ्या पिंपांत भात आणि कडधान्य शिजतंय. कच्चा तांदूळ पोत्याने विकता येतो, साठवता येतो. शिजलेला भात लुटून करणार काय? अशी नऊशेच्या वर स्वयंपाकघरं उभी राहिली आणि दहा लाखांवर लोक त्यांवर जगले. ही अक्कल त्याच मातीत राबणाऱ्या लोकांना सुचली.

शहाणपणाचा दुसरा माणूस म्हणजे संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी मोहम्मद साहनून. हे अल्जीरियाचे मुत्सद्दी घाई करत नाहीत. टोळीच्या वडीलधाऱ्यांकडे जातात, चहा घेतात, तासन्‌तास ऐकतात. अनेक आठवड्यांच्या बोलण्यांनंतर अवघ्या ५०० पाकिस्तानी सैनिकांना येऊ द्यायला ऐदीदचा होकार त्यांनी मिळवला. तो मिळाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस न्यूयॉर्कने आणखी तीन हजारांवर सैनिक पाठवायचं जाहीर केलं. साहनूनना विचारलं नाही, ऐदीदला तर नाहीच. पाकिस्तानी तुकडी आली ती विमानतळावरच अडकून पडली. साहनून संयुक्त राष्ट्रांच्या ढिलाईवर उघडपणे बोलले, वरिष्ठांना ते रुचलं नाही, ऑक्टोबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला.

९ डिसेंबरची रात्र, मोगादिशूचा किनारा. धान्याची वाट मोकळी करायला आता अमेरिका फौज उतरवतेय. वाळूत जरा मागे थांबा, पुढे गर्दी आहे. चेहऱ्याला काळं फासलेले अमेरिकी सैनिक शत्रूच्या शोधात पाण्यातून वर येतात आणि थेट टीव्हीवाल्यांच्या दिव्यांच्या झोतात सापडतात. शत्रू नाहीच, मायक्रोफोन आहेत. या मोहिमेचं नाव 'रिस्टोअर होप'. हसू आलं तरी आवरा, कारण पुढच्या आठवड्यांत रस्ते खरोखरच उघडले आणि धान्य आतल्या गावांत पोहोचलं. सदतीस-अडतीस हजारांची फौज होती, ती निरुपयोगी नव्हती. पण बैदोआतल्या मरणाचा कळस ती येण्याआधीच ओसरला होता. आणि सरचिटणीस बुत्रोस-घाली हत्यारं काढून घ्या म्हणत असताना वॉशिंग्टनने ते काम नाकारलं. मशीनगनच्या पिकअप शहराबाहेर नेऊन ठेवल्या गेल्या, फौज परत जाईपर्यंत.

मार्च १९९३मध्ये तुम्हाला एकाच वेळी दोन ठिकाणी असायला हवं. एक अदिस अबाबा. टोळ्यांच्या पंधरा गटांचे पुढारी तहासाठी जमले आहेत, बहुतेक तेच ज्यांनी पेवं उपसली. येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च जगाचा. सुमारे दोन आठवड्यांत करार होतो, २७ मार्चला सह्या पडतात. गंमत अशी की आदल्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषदेने ठराव ८१४ मंजूर केलाय: अठ्ठावीस हजारांची नवी फौज, हत्यारं काढून घ्यायची, पोलीस, न्यायालयं, अख्खं सरकार उभं करायचं. करार व्हायच्या आधीच अंमलबजावणीचा आराखडा तयार!

दुसरं ठिकाण उत्तरेतलं बोरामा. इथे परदेशी कॅमेरे नाहीत. दीडशेच्या आसपास वडीलधारी जानेवारीपासून बसले आहेत. बोलणं तेव्हा संपतं जेव्हा भांडण संपतं. कुणाचे उंट, कुणाची विहीर, कुणाचं रक्त, एकेक हिशेब मिटतो. खर्च मुख्यतः गावकरी, व्यापारी आणि परदेशी गेलेले नातेवाईक करतात. मे महिना उजाडतो. मोहम्मद इब्राहिम एगाल यांची निवड होते आणि या उत्तर भागाचा, म्हणजे सोमालीलँडचा, कारभार चालवणारं सरकार उभं राहतं. सगळं गोड झालं नाही. पुढच्याच वर्षी तिथेही लढाई पेटली. पण ती मिटवायची रीत त्यांच्याकडे होती.

दक्षिणेत जा, जूनमध्ये. ५ तारखेला, शस्त्रसाठ्यांच्या तपासणीवरून उसळलेल्या हल्ल्यांत २४ पाकिस्तानी सैनिक मारले जातात. दुसऱ्याच दिवशी सुरक्षा परिषदेचा ठराव येतो आणि मग ऐदीदला पकडून देणाऱ्यास २५ हजार डॉलर, अशी पत्रकं शहरभर पडतात. इथपर्यंत संताप समजतो. पण १२ जुलैच्या सकाळी एका घरात ऐदीदच्या कुळाचे वडीलधारी, विद्वान, व्यापारी बैठकीला जमले असताना अमेरिकी हेलिकॉप्टर त्यावर क्षेपणास्त्रं सोडतात. बैठकीत तडजोडीच्या बाजूचे लोकही होते. रेडक्रॉसच्या मते ५४ मेले. बातमीसाठी धावलेल्या चार पत्रकारांना जमावाने ठार केलं. ज्यांच्याशी बोलता आलं असतं त्यांनाच मारलं, हा या धोरणाचा सर्वांत मोठा गुन्हा. ऑक्टोबरमध्ये मोगादिशूत अमेरिकी सैनिक आणि ऐदीदची माणसं यांच्यात झालेली चकमक सगळ्यांना माहीत आहे, तिच्यावर हॉलिवुडचा सिनेमा निघाला. १८ अमेरिकी आणि शेकडो सोमाली मेले आणि वॉशिंग्टनने परतीची तारीख ठरवली. सिनेमात न आलेला भाग डिसेंबरमधला: ज्याच्या डोक्यावर बक्षीस होतं तोच ऐदीद अमेरिकी लष्कराच्या विमानातून अदिस अबाबाला वाटाघाटींना गेला.

पुन्हा बैदोआ, १९९४. रस्त्यावर ओळखीचे गणवेश दिसतील. भारताची ६६ वी ब्रिगेड इथे आहे, सुमारे पाच हजार जवान. धान्याच्या ताफ्यांना सोबत करणं, विहिरी खोदणं, माणसांबरोबर उंट-गुरांचीही औषधं करणं. ज्या गावाचं पोट गुरांवरही चालतं तिथे पशुवैद्य ही संरक्षणाचीच बाब आहे. आपण फार वेगळे होतो अशा थाटात मी हे सांगत नाही. ऑगस्टमध्ये याच भागात दबा धरून केलेल्या हल्ल्यात आपले सात जवान गेले. डिसेंबरमध्ये किसमायो बंदरातून नौदलाच्या जहाजांनी ब्रिगेड परत आणली. त्याच वर्षी मोगादिशूत संयुक्त राष्ट्रांच्या कडेकोट आवारातून ३९ लाख डॉलर रोख चोरीला गेले. मार्च १९९५मध्ये शेवटचे सैनिक निघाले. ठराव ८१४च्या मोहिमेचा खर्च १६० कोटी डॉलरच्या घरात गेला होता.

शेवटचा मुक्काम सप्टेंबर २०११. बे प्रांतात दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झालाय. प्रांत अल-शबाब या सशस्त्र इस्लामी संघटनेच्या ताब्यात आहे. त्यांनी कित्येक मदतसंस्थांना बंदी घातलीय, आणि दुसरीकडे अमेरिकेच्या दहशतवादविरोधी कायद्यांच्या धाकाने संस्था आत जायला कचरतात. त्या दुष्काळात सोमालियात सुमारे २ लाख ५८ हजार माणसं मेली. त्यांतली निम्म्याहून थोडी अधिक पाच वर्षांखालची होती.