घरातला फोटो स्टुडिओ: दादरपासून आपल्या ओसरीपर्यंत

बचत गटाचं खातं उघडायचं असो, पोरीचा फॉर्म भरायचा असो की म्हातारीची पेन्शन लावायची असो, कुठंही गेलं तरी आधी मागतात तो फोटो. मग तालुक्याला जायचं. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी आणि वर फोटोचे पैसे. म्हणून गटागटांतून एक प्रश्न येतो: हे काम आपल्यातल्या एखादीनं घरीच केलं तर?

करता येतं. पण कसं करायचं ते सांगण्याआधी आज थोडा इतिहास सांगते. मुंबईत माणसाच्या चेहऱ्याचा फोटो आधी महाग का होता, आणि तो घराच्या उंबऱ्यापर्यंत कसा आला, याची ही गोष्ट आहे. त्यात बायकांचे कष्ट जागोजागी दिसतात. त्यांची नावं मात्र शोधावी लागतात.

फोटोची कला पॅरिसमध्ये 1839 साली जाहीर झाली आणि बोटीनं लवकरच मुंबईला पोचली. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तिथं शिकलेल्या हरिचंद चिंतामण यांनी कोटात, आज जिथं काळा घोडा आहे त्या भागात, फोटोचा धंदा चालवला. भायखळ्याचं संग्रहालय ज्यांच्या नावानं आहे त्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी हेही त्या काळचे नावाजलेले फोटोग्राफर. म्हणजे आपली माणसं या कामात अगदी पहिल्यापासून होती. पण ती होती कोटातली, शिकलेली आणि पुरुष.

मग फोटो महाग का होता? एक कारण काच. तेव्हा फिल्म नव्हती. काचेवर औषध चढवायचं, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच अंधाऱ्या खोलीत नेऊन धुवायची. दुसरं आणि मोठं कारण उजेड. विजेचे दिवे नव्हते आणि काच मंद होती. समोरच्या माणसाला काही सेकंद पुतळ्यासारखं बसावं लागे. मान हलू नये म्हणून पाठीमागून लोखंडी टेकू लावत. एवढा उजेड मिळावा म्हणून स्टुडिओवाले वरच्या मजल्यावर काचेचं छत करून घेत, तेही उत्तरेकडे, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, ऊन थेट अंगावर येत नाही. असं काचेचं घर बांधणं गरिबाचं काम नव्हतं. गिऱ्हाईक भरत असे तो पैसा त्या छताचाही असे.

त्यातून बाईमाणसाची अडचण वेगळी. परक्या पुरुषासमोर तोंड वर करून बसायचं कसं? शिवाय फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं घरोघर बोललं जाई. त्यामुळे त्या काळच्या हजारो बायकांचे चेहरे कायमचे गेले. आपल्या पणजीची आई कशी दिसत होती, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? उलट डॉ. आनंदीबाई जोशींचं पाहा. 1885 च्या ऑक्टोबरात अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचा फोटो निघाला. सोबत जपानची आणि सीरियाची अशा दोन विद्यार्थिनी, आणि आनंदीबाई लुगड्यात. दीड वर्षाच्या आत, बावीस वर्षांचीही पुरी होण्याआधी ही मुलगी गेली. असे फोटो निघाले म्हणून आज आपण तिला डोळ्यांनी पाहू शकतो.

बायकांच्या अडचणीवर एक तोड 1892 साली हैदराबादला निघाली. लाला दीनदयाळ या मोठ्या फोटोग्राफरनं तिथं बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला. फोटो काढणारीही बाईच होती. पडद्यातल्या बायका तिथं बिनधास्त बसत. हे ध्यानात ठेवा, पुढं आपल्या कामाला येणार आहे.

आता मुंबईत दादरला येऊ. साल 1912. दादासाहेब फाळके यांचं नाव सगळ्यांना माहीत. सिनेमाआधी त्यांनी गोध्र्याला फोटोचं दुकान काढलं होतं. प्लेगात पहिली बायको आणि मूल गेलं, आणि ते गाव सुटलं. पुढं गिरगावात पडद्यावरची चालती चित्रं पाहून त्यांना वेड लागलं. सिनेमा काढायला पैसा नव्हता. दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई यांनी अंगावरचे दागिने काढून दिले. सावकारांची खात्री पटावी म्हणून आधी कुंडीत वाटाणा लावून, महिनाभराहून जास्त दिवस रोज थोडं थोडं चित्र घेऊन, रोप कसं वाढतं त्याची छोटी फिल्म घरच्या घरी केली.

मग दादरच्या बंगल्यातच स्टुडिओ उभा राहिला. त्या रस्त्याला आज दादासाहेब फाळके मार्ग म्हणतात. विजेच्या दिव्यांवर फोटो घेण्याची सोय नव्हती, म्हणून सगळं काम उन्हात. अशा कामात ऊन एका बाजूनं पडतं आणि चेहऱ्याची दुसरी बाजू काळी येते. त्यावर उपाय काय? सरस्वतीबाई पांढरी चादर हातात धरून तासन्‌तास उन्हात उभ्या राहत. चादरीवर पडलेलं ऊन परतून नटाच्या चेहऱ्यावर जाई. विलायतेहून आलेल्या कोऱ्या फिल्मला कडेची भोकं नसत. ती अंधारात बसून एकेक पाडायची, ते कामही त्यांचं. फिल्म धुण्याची औषधं कालवणं त्यांचं, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांचाच. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

त्या सिनेमात तारामतीचं काम करायला एकही बाई तयार झाली नाही. शेवटी अण्णा साळुंके नावाच्या, उपाहारगृहात काम करणाऱ्या पुरुषानं लुगडं नेसून तारामती केली. गंमत पाहा, कॅमेऱ्यापुढं बाई नव्हती, पण कॅमेऱ्यामागं होती.

नावाचं सांगते. होमाई व्यारावाला या मुंबईत शिकलेल्या, जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी. वर्तमानपत्रात फोटो देणारी ही आपल्या देशातली पहिली बाई. 1938 साली बायकांच्या सहलीचे त्यांचे फोटो ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये छापून आले. एका फोटोला एक रुपया मिळाला. पण सुरुवातीचे त्यांचे फोटो छापले जात ते नवऱ्याच्या नावानं. 2011 साली सरकारनं त्यांना पद्मविभूषण दिलं, तेव्हा त्यांचं वय सत्त्याण्णव होतं. तिकडं कोलकात्याला अन्नपूर्णा दत्त ही बाई लग्नानंतर फोटो काढायला शिकली आणि त्यावर घर चालवलं. ती घरोघर जाऊन बायकांचे फोटो काढी आणि धुण्या-छापण्याचं कामही स्वतःच करी. लोक तिला ‘फोटो-माशीमा’, म्हणजे फोटोवाली मावशी म्हणत.

पुढं विजेचे दिवे आले आणि दुकानं वाढली. फाळणीत कराचीहून आलेल्या जे. एच. ठक्कर यांनी 1948 साली दादरलाच इंडिया फोटो स्टुडिओ काढला. मोठमोठे नटनट्या तिथं फोटो काढून घेत. दिवा कुठून मारायचा, सावली किती ठेवायची, यातच त्यांची सगळी करामत होती. लालबाग-परळच्या दहा बाय दहाच्या खोल्यांत राहणारे गिरणीकामगारही कधीतरी दुकानात उभं राहून फोटो काढत आणि गावी धाडत. कोकणात, घाटावर कित्येक घरांत भिंतीवर अजून तोच फोटो आहे. त्याच्या शेजारी गावी शेत राखणाऱ्या त्याच्या कारभारणीचा फोटो आहे का, तेही बघा.

या सगळ्या गोष्टीतून आपल्या हाती एक गोष्ट लागते. फोटोचा खरा खर्च उजेडाचा होता. कॅमेरा आज मोबाईलमध्ये आहे, आणि उजेड आपल्या दारात फुकट आहे. तो वळवायला येणं, एवढीच विद्या शिकायची.

तर घरी मांडणी अशी करा. उत्तरेचं दार असेल तर उत्तम. नसेल तर ज्या वेळी दारातून थेट ऊन आत येत नाही ती वेळ धरा. बाईला उंबऱ्यापासून दोन-तीन हात आत, दाराकडे तोंड करून बसवा. मागची भिंत तिच्यापासून तीन-चार फूट लांब हवी, म्हणजे सावली पडत नाही. भिंतीला पोपडे असतील तर पांढरी चादर इस्त्री करून ताणून लावा. सरकारी फोटोला मागं बहुतेक वेळा पांढरं लागतं. एक गाल काळा येत असेल तर त्या बाजूला पांढरं लुगडं धरून एखादीला उभं करा, सरस्वतीबाईंसारखं. डोळ्यांखाली काळं दिसत असेल तर मांडीवर पांढरा टॉवेल पसरा. घरातली ट्यूब बंद करा, दोन रंगांचा उजेड मिसळला की चेहरा पिवळा-निळा येतो. मोबाईलची काच पदरानं न पुसता मऊ कोरड्या कापडानं पुसा. मोबाईल तिच्या डोळ्यांच्या उंचीला धरा. आणि गोरं करणारी सेटिंग बंद ठेवा. सरकारी कागदाला खरा चेहरा लागतो, घरच्या भिंतीलाही तोच हवा.

प्रिंटर लगेच घेऊ नका. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचे आठ फोटो चार बाय सहा इंचांच्या एका कागदावर बसतात. आठवडाभराचे फोटो जमवून एकीनं तालुक्याला जाऊन छापून आणले की सगळ्यांचं भाडं वाचतं. काम वाढलं, हिशेब जमला, मग गटातून कर्ज घेऊन प्रिंटरचा विचार करा.

एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. मुलीबाळींचे फोटो मोबाईलमध्ये पडून राहू देऊ नका. काम झालं की तिच्यासमोर पुसून टाका, आणि तिला विचारल्याशिवाय कुणालाही पाठवू नका. हैदराबादच्या त्या स्टुडिओत बायका ज्या भरवशावर बसत, तोच भरवसा तुमचं भांडवल आहे. तालुक्याच्या दुकानापेक्षा तुमच्याकडं बायका येतील त्या याचसाठी.

दारावर पाटी लावाल ती स्वतःच्या नावाची लावा. नवऱ्याच्या, मुलाच्या नावाची नको. आणि पासपोर्ट फोटोचं काम करता करता गावातल्या म्हाताऱ्या बायकांना एकेक करून दारात बसवा. त्यांचा एक मोठा फोटो काढा, छापा, आणि पाठीमागं तिचं नाव, माहेर, सासर आणि तारीख लिहा. पुढच्या पिढीतल्या एखाद्या नातीनं ‘आमची पणजी कशी दिसायची?’ असं विचारलं, तर तिला दाखवायला काहीतरी राहील.