मिशन सॅन होजे : विटा कोणी पाडल्या?

बे एरियात चौथीतलं मूल घरात असलं की 'मिशन' हा शब्द हमखास कानावर पडतो. शाळेत कॅलिफोर्नियाचा इतिहास सुरू होतो आणि एखाद्या रविवारी गाडी फ्रीमाँटच्या मिशन बुलेवार्डकडे वळते. आपल्यातल्या कित्येकांची घरं तर तिथून पाच-दहा मिनिटांवर आहेत. म्हणून आज मिशन सॅन होजेची गोष्ट.

मिशन म्हणजे नुसतं चर्च नव्हे. १७६९ ते १८२३ या काळात फ्रान्सिस्कन पाद्रींनी सॅन दिएगोपासून सोनोमापर्यंत २१ मिशनं उभारली. चर्चच्या जोडीला धान्याची कोठारं, विणकामाचे माग, कातडी कमावण्याची जागा, शेतं आणि गुरं. स्पेनला हा किनारा ताब्यात ठेवायचा होता, पण इतक्या लांब वसायला स्पेनची माणसं पुरेशी नव्हती. मग इथल्याच लोकांना बाप्तिस्मा देऊन स्पेनच्या राजाची रयत बनवायचं, असा बेत ठरला.

फादर फर्मिन दे लासुएन यांनी ११ जून १७९७ रोजी मिशन सॅन होजेची स्थापना केली. २१ मधलं हे चौदावं. जागा ओलोनी लोकांची. हजारो वर्षं ते इथे शिकार, मासेमारी आणि ओकच्या फळांच्या पिठावर जगत आले होते. मिशनमध्ये त्यांचा दिवस घंटेवर चालू लागला. एकदा बाप्तिस्मा घेतला की परवानगीशिवाय मिशन सोडता येत नसे, पळालेल्यांना सैनिक धरून आणत. युरोपातून आलेले रोगही सोबत होतेच. १८०६ मध्ये बे भोवतालच्या मिशनांत गोवराची साथ आली आणि माणसं पटापट दगावली.

अशा हातांनी १८०९ मध्ये मोठं चर्च पूर्ण केलं. माती आणि पेंढा पाण्यात कालवायचा, साच्यात घालून विटा पाडायच्या, उन्हात वाळवायच्या. गावाकडे कच्च्या विटांचं घर ज्यांनी पाहिलंय, त्यांना त्यातली मेहनत सांगायला नको. १८३१ च्या सुमारास मिशनमध्ये जवळजवळ १,९०० मूळनिवासी राहत होते. फादर नार्सिसो दुरान यांनी त्यांच्यातूनच गायक-वादक तयार केले आणि इथलं संगीत दूरवर नावाजलं गेलं.

याच मिशनमध्ये एस्टानिस्लाओ नावाचा योकट्स जमातीचा तरुण होता. पाद्रींचा विश्वासू, आपल्या लोकांचा मुकादम. १८२० च्या दशकाच्या अखेरीस तो मिशन सोडून गेला आणि त्याने बंड पुकारलं. तोपर्यंत इथे मेक्सिकोचं राज्य आलं होतं. १८२९ मध्ये मारियानो वायेहो तोफ घेऊन त्याच्यावर चालून गेला. पुढे एस्टानिस्लाओ मिशनमध्ये परतला आणि दुरान यांनी त्याला माफी मिळवून दिली. योसेमिटीला जाताना आपल्याला ओकडेल लागतं ना, ते ज्या स्टॅनिस्लॉस काउंटीत आहे, तिचं नाव या बंडखोरावरूनच पडलंय.

१८३० च्या दशकात मेक्सिको सरकारने मिशनं पाद्रींकडून काढून घेतली. जमिनीचा मोठा वाटा मूळनिवाशांना मिळायचा होता. प्रत्यक्षात बहुतेक जमीन वजनदार रँचमालकांच्या घशात गेली आणि ज्यांनी ती कसली ते त्यांच्याकडेच मजुरीला लागले.

२१ ऑक्टोबर १८६८ रोजी हेवर्ड फॉल्टवर मोठा भूकंप झाला आणि जुनं चर्च कोसळलं. त्या जागी लाकडी चर्च आलं. १९८२ मध्ये ते दुसरीकडे हलवून जुन्या चर्चची प्रतिकृती बांधायला घेतली आणि ११ जून १९८५ रोजी ती खुली झाली. म्हणजे आपण ज्याच्यासमोर फोटो काढतो ते पांढरं चर्च तसं नवंच आहे! शेजारची बुटकी, साधी इमारत, जिथे आता संग्रहालय आहे, ती मात्र खरी जुनी. पाद्रींच्या निवासाचा तो उरलेला भाग.

आयटीच्या कामात मला एक सवय लागली आहे. समोरचा स्क्रीन कितीही चकचकीत असो, मागे काय चालतं आणि ते कोणी उभं केलं, हे आधी विचारायचं. इथेही तेच करा. संग्रहालय पाहून झालं की लगेच घरी परतू नका. जवळच वॉशिंग्टन बुलेवार्डवर ओलोनी दफनभूमी आहे. तिथल्या फलकानुसार चार हजार ओलोनी तिथे विसावले आहेत. त्यांनी मिशन बांधायला पाद्रींना 'मदत' केली, असं त्यावर लिहिलंय. मुलांना विचारा, 'मदत' हा शब्द इथे बरोबर आहे का?

आणि एक जरूर सांगा, ओलोनी संपलेले नाहीत. त्यांचे वंशज, मुवेक्मा ओलोनी, आजही बे एरियात राहतात आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारची मान्यता मिळावी म्हणून झगडत आहेत. मुलांच्या प्रोजेक्टमध्ये चर्चचं चित्र असेल, पाद्रींचं नाव असेल. विटा पाडणाऱ्यांसाठीही एक पान ठेवायला सांगा.