दुसरा मालक : जुन्या मारुती ८००चा अलिखित इतिहास

मारुती ८००चा इतिहास बहुधा १४ डिसेंबर १९८३ या तारखेपासून सांगितला जातो. त्या दिवशी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती पहिल्या गाडीची किल्ली दिली. ते छायाचित्र पुढे असंख्य वेळा छापले गेले. या इतिहासाचा शेवटही तारखेनिशी सांगता येतो : १८ जानेवारी २०१४ रोजी या गाडीचे उत्पादन थांबले. मधल्या तीस वर्षांत पंचवीस लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या आणि 'मध्यमवर्गाची पहिली मोटार' हे बिरुद तिला कायमचे चिकटले.

या मांडणीत काही खोटे नाही, पण ती अपुरी आहे. ती कारखान्याच्या दारातून बाहेर पडणाऱ्या गाडीचा आणि तिच्या पहिल्या मालकाचा इतिहास सांगते. तालुक्याच्या गावातला शिक्षक, किराणा दुकानदार, विमा प्रतिनिधी यांच्या दारात मारुती आली ती बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताने. आमचे प्रतिपादन असे की, मोटार खऱ्या अर्थाने सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली ती या जुन्या गाडीच्या रूपाने. आणि नेमक्या याच टप्प्याची नोंद आपल्याकडे सर्वांत कमी आहे.

'जुनी गाडी' या शब्दप्रयोगाचा अर्थही स्थिर राहिलेला नाही, हे येथे ध्यानात घ्यावे लागेल. परवाना-पद्धतीच्या काळात कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट आणि उत्तरपाड्याची अँबॅसडर यांच्यापलीकडे ग्राहकाला फारशी निवड नव्हती. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्या काळी जुनी मोटार घेणारा मनुष्य स्वस्ताईच्या शोधात असेलच असे नव्हते. त्याला गाडी आत्ता हवी असे. म्हणून चांगल्या स्थितीतली जुनी गाडी कधी कधी नव्या गाडीच्या अधिकृत किमतीहूनही महाग विकली जाई. मारुती आली तेव्हाही आरंभी हेच घडले. लाखाहून अधिक नोंदण्या झाल्या होत्या आणि ज्याच्या हाती गाडी पडली त्याला ती वरकड पैसे घेऊन विकता येत होती. 'जुने' म्हणजे 'स्वस्त' हे समीकरण टंचाईच्या अर्थव्यवस्थेत जुळत नाही.

ते जुळले १९९०नंतरच्या दशकात. १९९३मध्ये मोटार-उत्पादनावरील परवान्याचे बंधन गेले. १९९८मध्ये सँट्रो, मॅटिझ आणि इंडिका या गाड्या एकापाठोपाठ बाजारात आल्या. बँकांची कर्जे सुलभ झाली. पुण्या-मुंबईतल्या पहिल्या मालकांनी मोठ्या गाड्या घेतल्या आणि त्यांच्या मारुत्या दलालांमार्फत लहान शहरांकडे आणि तेथून तालुक्यांकडे सरकू लागल्या. २००१मध्ये खुद्द मारुती कंपनीनेच जुन्या गाड्यांच्या व्यवहारासाठी स्वतंत्र दालने उघडली, यावरून या बाजाराचे आकारमान लक्षात यावे. पुढे एप्रिल २०१०मध्ये प्रदूषणाचे नवे निकष लागू झाल्यावर मुंबई, पुणे, सोलापूर यांसह १३ शहरांत नव्या ८००ची विक्री बंद झाली. म्हणजे त्यानंतर पुण्यातल्या माणसाला नवी मारुती ८०० शहरात मिळेनाशी झाली. उरली ती जुनीच.

या बाजाराने स्वतःची एक भाषा घडवली. 'सिंगल ओनर', 'कंपनी मेंटेन', 'कागदपत्रे क्लिअर', 'डॉक्टरांची गाडी' ही त्या भाषेतली प्रमाणपत्रे. शेवटचे विशेष लक्षणीय आहे. डॉक्टर गाडी जपून चालवतात याला पुरावा काय, असे कोणी विचारत नाही. तेथे गाडीच्या यंत्रापेक्षा आधीच्या मालकाची सामाजिक प्रतिष्ठा विकली जाते. याउलट 'टुरिस्टला लावलेली' म्हटले की गाडी नीट न पाहताच भाव उतरतो. जुन्या वस्तूबरोबर तिच्या पूर्वीच्या माणसाची पत किंवा बदनामीही आपण विकत घेतो. समीक्षेच्या अभ्यासकाला या छोट्या जाहिरातींत वर्गजाणिवेचे पुष्कळ साहित्य सापडेल.

आमच्यापैकी तिघांनी २००७ ते २०११ या काळात जुनी मारुती ८०० घेतली. तिघेही तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवत होतो. तासांच्या हिशेबाने मानधन, सुट्टीत तेही नाही, आणि दोन महाविद्यालये दोन तालुक्यांत. सकाळचे तास एका ठिकाणी संपवून दुपारचे दुसऱ्या ठिकाणी गाठायचे तर एस.टी.च्या वेळापत्रकात ते बसत नसे. त्यामुळे या गाडीने आम्हांला प्रतिष्ठा दिली की नाही हा प्रश्न गौण आहे. तिने आम्हांला दुसरी नोकरी करू दिली. आमच्या एका सहकारी बाईंच्या बाबतीत तर संध्याकाळच्या तासानंतर घरी परतण्याची चिंता तिने मिटवली. नव्या गाडीच्या हप्त्यासाठी पगाराचा दाखला लागतो. आमच्यापाशी तो नव्हता, साठवलेले थोडे रोख पैसे होते. जुन्या गाडीचा बाजार अशाच माणसांवर उभा असतो.

गाडी म्हणून ती साधी होती. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन, चार गिअर, बारा इंची चाके. २०००च्या आसपास इंधन-इंजेक्शनची प्रणाली येण्यापूर्वीच्या गाड्यांत कार्बोरेटर असे. थंडीच्या सकाळी चोक ओढून ती थोडा वेळ गुरगुरू द्यावी लागे. खरे दुखणे इंजिनाचे नसे, पत्र्याचे असे. पायांखालचा रबरी गालिचा उचलल्यावर कोकणात वापरलेल्या गाडीची फरशी कुजलेली निघे. पहिल्याच भेटीत आमच्या मेकॅनिकने सांगितले होते, "सर, इंजिन होतंय कधीही, तुम्ही पत्रा बघून घ्या." हे वाक्य आम्ही पुढे अनेकांना ऐकवले. तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळत आणि ती खोलून पुन्हा जोडू शकणारा माणूस एस.टी. स्टँडजवळ हमखास सापडे. म्हणूनच ती परवडे. वस्तूची किंमत आणि ती चालती ठेवण्याचा खर्च यांत दुसऱ्या मालकाच्या लेखी दुसरी गोष्ट अधिक मोलाची असते.

आता कागदांकडे वळू. या तीन गाड्यांपैकी एकीच्या आर.सी. पुस्तकात पुण्यातील एका निवृत्त गृहस्थांचे नाव होते. आम्हांला ती विकणारा दलाल वेगळाच होता. त्याने विक्रीची सूचना देण्याचा २९ क्रमांकाचा आणि हस्तांतराचा ३० क्रमांकाचा असे दोन सही केलेले कोरे फॉर्म आमच्या हाती ठेवले. सही जुळेना, तेव्हा आम्ही मूळ मालकांचा शोध घेतला. ते म्हणाले, "गाडी विकून सहा वर्षं झाली. ती एव्हाना भंगारात गेली असेल असं वाटलं होतं." त्यांनी सौजन्याने पुन्हा सह्या दिल्या आणि गाडी आमच्या नावावर झाली. परंतु मधल्या सहा वर्षांत ती निदान दोघांनी वापरली होती. डिकीत गॅसच्या टाकीच्या पट्ट्यांसाठी पाडलेली भोके होती आणि मागच्या सीटखाली एका शाळेच्या फीची पावती. त्या माणसांचे नाव कोणत्याही दप्तरात नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ यानुसार ज्याच्या नावे नोंदणी, तो मालक. राज्यांतर्गत विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवावे, अशी तरतूद कलम ५०मध्ये आहे. व्यवहारात मात्र सही केलेले कोरे फॉर्म हातोहात फिरतात. त्याचे गांभीर्य २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्पष्ट केले. एकामागून एक हात बदललेल्या एका गाडीचा अपघात झाला होता; न्यायालयाने नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच ठेवली. अपघातग्रस्ताला मालकांच्या साखळीमागे धावायला लावू नये, हा त्यामागचा न्याय्य विचार. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र याच व्यवस्थेतली फट दिसते. कागदावरचा मालक आणि चाकामागचा मालक हे दोन वेगळे असू शकतात, आणि दप्तर फक्त पहिल्याला ओळखते.

नॅनोच्या वाट्याला आलेले अपयशही या प्रकाशात पाहता येते. १० जानेवारी २००८ रोजी लाख रुपयांची गाडी म्हणून तिचा गाजावाजा झाला. २०१८मध्ये तिचे उत्पादन जवळपास थांबलेलेच होते. अपयशाची कारणे अनेक सांगितली जातात. त्यांतले एक असे की, 'सर्वांत स्वस्त' ही पाटी कपाळावर घेऊन हिंडायला ग्राहक तयार नव्हता. जुन्या मारुतीवर अशी पाटी नव्हती. ती कधीकाळी कोणाची तरी अभिमानाची नवी गाडी होती, आणि तो अभिमान थोडा झिजलेल्या रूपात का होईना, पुढच्या मालकाकडे येत असे. स्वस्त नवी वस्तू आणि चांगली जुनी वस्तू यांत आपल्या समाजाने कौल कोणाला दिला, हे त्यातून कळते.

आता या गाड्या झपाट्याने नाहीशा होत आहेत. खासगी मोटारीची मूळ नोंदणी १५ वर्षांची. पुनर्नोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरणही आले आहे. प्रदूषणाच्या दृष्टीने त्याचे समर्थन करता येईल, नव्हे करावेच लागेल. पण वस्तू मोडीत जाताना तिच्याबरोबर तिच्या मालकांच्या आठवणीही जातात. हरपाल सिंग यांनी २०१०मध्ये निधन होईपर्यंत पहिली गाडी आपल्यापाशी ठेवली. नंतर ती दुर्लक्षित अवस्थेत पडून होती. पुढे कंपनीने तिचा जीर्णोद्धार केला आणि ती जतन झाली. पहिल्या मालकाच्या पहिल्या गाडीचे असे स्मारक होते. तिसऱ्या मालकाच्या गाडीचे होणार नाही.

म्हणून भाषा आणि साहित्य शिकवणाऱ्यांनी हे काम अंगावर घ्यावे, असे आम्हांला वाटते. जुनी आर.सी. पुस्तके, वृत्तपत्रांतल्या छोट्या जाहिराती, गॅरेजमधल्या हिशेबाच्या वह्या आणि घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या पहिल्या प्रवासाच्या हकिकती, हे सारे साधन अजून हाताशी आहे. पदव्युत्तर वर्गातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या किंवा गल्लीतल्या एका जुन्या गाडीची मालकपरंपरा शोधून लिहून काढली, तरी परिवहन कार्यालयाच्या दप्तरात नसलेली कितीतरी नावे पहिल्यांदाच कागदावर येतील.